पाण्याचा शेजार

चाळिशी माणसाला दोनदा लागते. एकदा डोळ्यांना आणि एकदा डोक्याला. डोळ्यांची चाळिशी चष्म्याच्या दुकानात मिटते. डोक्याची मिटत नाही. तिचं पहिलं लक्षण असं, की रात्री तीनला जाग येते आणि छताकडे पाहत माणूस स्वतःला सांगतो, 'हे छत आपलं नाही.' मला हे लक्षण २०१८ च्या उन्हाळ्यात दिसलं. तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो, यवतमाळला भाड्याच्या घरात राहत होतो आणि बाभुळगावच्या शाखेत लोकांना त्यांचेच पैसे परत देण्याची नोकरी करत होतो.

रात्री तीनला जाग येण्यात तत्त्वज्ञानाचा भाग थोडा आणि टँकरचा जास्त होता, हेही कबूल केलं पाहिजे. निळोणा आणि चापडोह या यवतमाळला पाणी पाजणाऱ्या दोन्ही धरणांनी त्या वर्षी हात वर केले होते. टँकर केव्हा येईल याचा नेम नसे. आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्याला त्या उन्हाळ्यात बढती मिळाली. पातेल्याची घागर झाली, घागरीचा पिंप झाला, आणि आंघोळीची बादली तर थेट राखीव निधीत गेली. मुलाच्या वाढदिवसाला एका मित्राने झाकणाचा मोठा ड्रम भेट दिला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सौभाग्यवती म्हणाली, "रडू नका. तेवढंच वाया जाईल."

अशाच एका रात्री टँकर गेल्यावर ती पालथ्या बादलीवर बसून म्हणाली, "अहो, घर घ्यायचं असेल तर पाणी असेल तिथं घ्या. नाहीतर नका घेऊ."

या एका वाक्याचे आम्ही दोघांनी दोन अर्थ केले. तिच्या मनात नळ होता. माझ्या मनात तळं आलं.

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला सौंदर्यदृष्टी नसते, असा एक समज आहे. तो खरा नाही. ती असते; फक्त हातात पडते तेव्हा तिच्यातून टीडीएस कापलेला असतो. माझ्या डोळ्यांसमोर चित्र स्पष्ट होतं. ओटा. ओट्यावर आरामखुर्ची. खुर्चीत मी. समोर पाणी. पाण्यात एका पायावर उभा असलेला बगळा, ज्याला कोणाच्याही सहीची पडताळणी करायची नाही.

या चित्राला अट एकच. त्या खुर्चीतून उठून मला वेळेवर काउंटरवर पोहोचता आलं पाहिजे. आमच्याकडे याला 'अपडाउन' म्हणतात. इतर ठिकाणी हा प्रवास असेल. विदर्भात ती जीवनपद्धती आहे. मास्तर अपडाउन करतात, तलाठी अपडाउन करतात, बँकवाले करतात. गावातली निम्मी शासनव्यवस्था रोज सकाळी एसटीतून उतरते आणि संध्याकाळी एसटीत चढते. तेव्हा मी मुलाच्या दप्तरातून कंपास घेतला, त्याचं टोक नकाशावर बाभुळगावात रुतवलं आणि पाऊण तासाचं एक वर्तुळ काढलं. माझं उरलेलं आयुष्य या वर्तुळात कुठेतरी होतं.

वर्तुळात एका बाजूला धामणगाव आलं. तिथे मुंबई-हावडा मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे. म्हणजे तळं नसलं, तरी पाण्याच्या बाटल्या विकणारे आहेत. दुसऱ्या बाजूला कळंब आलं. कळंबचा चिंतामणी पायऱ्या उतरून जमिनीखाली आहे, आणि साधारण बारा वर्षांनी तिथल्या कुंडातलं पाणी वर चढून देवाच्या पायांना लागतं, अशी त्याची ख्याती आहे. मी सौभाग्यवतीला म्हटलं, "बघ, इथं पाणी आपणहून पायाशी येतं."

"बारा वर्षांनी ना?" ती म्हणाली. "आपल्या टँकरपेक्षा बरं आहे. पण फार नाही."

राहता राहिला बेंबळा. बेंबळा ही वर्ध्येला मिळणारी नदी. तिच्यावर बाभुळगाव तालुक्यातच, खडक सावंग्याजवळ, धरण झालं आहे. एवढं पाणी एका जागी पाहिलं की आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला आधी संशय येतो आणि मग भक्ती सुटते. ज्या जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रात दुष्काळाशिवाय येत नाही, त्या जिल्ह्यात नजर पोहोचेल तिथवर पाणी! माझा बगळा इथेच उभा असणार, याबद्दल मला शंका उरली नाही.

मग शोध सुरू झाला. तो पाच वर्षं चालला. या पाच वर्षांत मी पाण्याबद्दल जे शिकलो, ते आधीच्या बेचाळीस वर्षांत पाणी पिऊनही शिकलो नव्हतो.

पहिला धडा असा, की नदीचीही दोन रंगांची शाई असते. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा जिथवर पोहोचतो ती लाल रेषा. निळीच्या आत घर बांधायचं नाही. निळी आणि लाल यांच्या मधे बांधायचं तर बंधनं पाळून. मी हे घरी मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं.

"मग लालच्या बाहेर घेऊ," सौभाग्यवती म्हणाली.

"तिथून पाणी दिसत नाही."

"नळाला येतं का?"

दुसरा धडा काळ्या मातीचा. आपल्या जुन्या लोकांनी गावाचे दोन भाग केले होते. पिकवायची ती काळी आणि राहायची ती पांढरी. लहानपणी मला ही केवळ रंगाची गंमत वाटे. एका गवंड्याने मला तिचा अर्थ सांगितला. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर घर बांधलं की तेही दर वर्षी तिच्याबरोबर श्वास घेतं, आणि भिंतींना श्वास घ्यायची सवय नसते. म्हणून खाली मुरूम लागेपर्यंत पाया न्यायचा, नाहीतर पांढरीवर राहायचं. जुनी गावं नदीकाठी होती खरी, पण उंचवट्यावर होती. पाण्याच्या हाकेच्या अंतरावर, पण त्याच्या हाताच्या अंतरावर नाही.

तिसरा धडा मला एका प्लॉटवाल्याने दिला, अर्थात नकळत. त्याने मला जागा दाखवली ती जानेवारीत. प्लॉटच्या पुढच्या खुणेच्या दगडापासून दोनशे पावलांवर पाणी लखलखत होतं. तो म्हणाला, "सर, पाणी दारात आहे."

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात घरात," तो ओघात बोलून गेला, आणि लगेच सावरून म्हणाला, "म्हणजे घरातून दिसतं, सर."

तिथे एकासारखे एक दोन प्लॉट होते. तेवढंच क्षेत्र, तीच माती, तोच रस्ता. पुढच्याची किंमत मात्र मागच्यापेक्षा भरपूर जास्त. मी कारण विचारलं. तो म्हणाला, "व्ह्यूचे पैसे आहेत, सर." हा शब्द मी मनात नोंदवून ठेवला. बँकेत आम्ही सोन्याचे पैसे, शेताचे पैसे, ट्रॅक्टरचे पैसे पाहतो. व्ह्यूचे पैसे प्रथमच पाहत होतो.

आता इथे एका बाबाजींना आणलं पाहिजे.

हे बाबाजी आमच्या शाखेचे जुने खातेदार. धरणात गेलेल्या गावांपैकी एक गाव त्यांचं. मी नोकरीला लागलो तेव्हाची पहिली काही वर्षं याच शाखेत होतो. त्या काळात मोबदल्याचे पैसे खात्यांवर जमा होत होते, आणि मुदत ठेवीच्या पावत्या लिहून माझं बोट दुखत असे. कोणाच्या खात्यात किती होते ते मी सांगणार नाही. ते बँकेचं गुपित आहे. ते कसे गेले हे सांगतो, कारण ते सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. मुलीचं लग्न, मुलाची मोटारसायकल, नव्या घराचा स्लॅब, आणि उरलेले दवाखान्यात. फिरून मी पुन्हा याच शाखेत आलो, तेव्हा बाबाजी महिन्यातून एकदा पगारी माणसाच्या ऐटीत निराधाराचे पैसे काढायला येत होते. मला ते 'साहेब' म्हणतात. मी कारकून आहे. पण काउंटरच्या पलीकडून सगळेच साहेब दिसतात.

त्यांच्या पासबुकावर पत्ता अजून जुन्या गावाचा होता. मी एकदा म्हटलं, "बाबाजी, पत्ता बदलायचा फॉर्म भरा."

"पत्ता कोठी बदलला, साहेब?" ते म्हणाले. "गाव बदललं. पत्ता थोच हाय."

आमच्या केवायसीच्या नियमांत हे बसत नव्हतं. पण नियमच तोकडे आहेत, असं मला पहिल्यांदा वाटलं.

बाबाजींना तिकडची जमीन माहीत, म्हणून मी त्यांना एक दिवस सहज विचारलं. पाण्याजवळ घर बघतोय, म्हटलं. ते खिडकीच्या गजांतून माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आमचं घर पाण्याजवळच होतं, साहेब. आता पाण्यात हाय." आणि स्वतःच हसले. पुढे म्हणाले, "चाला, मी येतो दाखवाले."

२०२३ च्या मे महिन्यात एका रविवारी मी त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून प्लॉटवर घेऊन गेलो. जानेवारीतलं दारातलं पाणी मे महिन्यात कुठल्या कुठे निघून गेलं होतं. तोच तिसरा धडा. धरणाचं पाणी हे चालू खातं आहे. कालव्याला सोडतात, नळाला जातं, उन्हाने उडतं. त्याला कायमचा पत्ता नाही. पाणी मागे हटलेल्या जागेवर कोणी गाळपेर केली होती, तिचे धसकट उरले होते. त्यापुढे चिखल. त्याच्याही पुढे, लांब, पाणी.

बाबाजी डोळ्यांवर हात धरून उभे राहिले. "थो उंचवटा दिसते ना, साहेब? तिथीसा आमचा ओटा होता."

"कुठे?"

"थो बगळा बसला हाय पाहा. बराबर तिथीसा."

तिथे खरंच बगळा होता. पाच वर्षं मी ज्याचं चित्र मनात बाळगलं होतं तोच, एका पायावर. माझा बगळा बाबाजींच्या ओट्यावर उभा होता.

बराच वेळ आम्ही दोघंही बोललो नाही. मग त्यांनी प्लॉटच्या दगडांकडे पाहिलं. "हा घेता का?"

"विचार आहे."

"घ्या. चांगली जागा हाय. वारा येते." थोडं थांबून, "मंग कंपाउंड घालसान?"

"घालावं तर लागेल."

"फाटक ठेवसान ना?"

"फाटक असेल की."

"मंग बरं हाय. मी येतो कधी कधी इथी बसाले. आवाज देईन तुमाले."

बाबाजींनी विरोध केला असता तर माझं काम सोपं होतं. जमीन सरकारने कायद्याने घेतली, १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली मोबदला दिला, धरण बांधलं. वरची जमीन तिच्या मालकाने राजीखुशीने प्लॉटवाल्याला विकली. प्लॉटवाला मला राजीखुशीने विकतो आहे. मी कर्ज काढून पैसे देतो आहे. यात चोरी कुठे आहे? नावे आणि जमा दोन्ही बाजू जुळतात. हे सगळं मी त्यांच्याशी भांडून सिद्ध केलं असतं. पण त्यांनी भांडण दिलंच नाही. फक्त फाटक मागितलं.

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला एक गोष्ट घोकून घेऊन शिकवली होती. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असतोच, असं नाही. काही चुका अशा असतात की एक चूक दुसरीला झाकते. दोन्ही बाजूंना सारखीच रक्कम चुकते आणि बेरीज मात्र जुळते. त्यांना 'भरपाई चुका' म्हणतात. परीक्षेत यावर हमखास पाच मार्कांचा प्रश्न येई. आयुष्यातही येईल, हे सरांनी सांगितलं नव्हतं.

मोबदल्याच्या कागदांत जमिनीचे रकाने असतात. घराचा, विहिरीचा, झाडांचा रकाना असतो. आंब्याचे इतके, बाभळीचे इतके. 'व्ह्यू' असा रकाना नसतो, आणि असणार तरी कसा? त्या वेळी व्ह्यू नव्हताच. तो गाव बुडाल्यावर तयार झाला. आणि तयार झाल्यावर त्याची किंमत झाली, जी मला प्लॉटवाल्याने रोख सांगितली होती. आता हे व्ह्यूचे पैसे कोणाच्या खात्यात जमा व्हावेत? प्लॉटवाल्याने पाणी आणलं नाही. आधीच्या मालकाने आणलं नाही. मी तर नाहीच नाही. ज्यांची घरं खाली गेली म्हणून ते दृश्य वर आलं, त्यांचं नाव तेवढं त्या व्यवहारात कुठेच नाही.

हा प्रश्न माझा एकट्याचा नाही. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, गावं बुडाली, आणि आज त्याच पाण्याकाठी शनिवार-रविवारचे बंगले आहेत. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, आणि लोक गाड्या काढून फोटो घ्यायला जातात. आपण सगळेच कोणाच्या तरी ओट्यावरचा बगळा पाहत असतो. फक्त तो कोणाचा ओटा आहे हे सांगायला मागच्या सीटवर बाबाजी नसतात.

मी हे सगळं आमच्या हेडकॅशियरना सांगितलं. त्यांनी नोटांचं बंडल मोजून संपवलं, रबर लावलं आणि म्हणाले, "मग वीजही वापरू नकोस. कालव्यावर पिकलेला हरभराही खाऊ नकोस. आणि यवतमाळच्या नळाला बेंबळ्याचं पाणी आणताहेत, तेही पिऊ नकोस. प्लॉट सोडून तू सोवळा होणार आहेस का?"

याला माझ्याकडे दोन दिवस उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी सुचलं. पाणी मी प्यायलो म्हणून बाबाजींना पिता येत नाही, असं नाही. पण कंपाउंड मी घातलं, तर त्यांना बसता येत नाही. वाट्यात वाटा घेणं निराळं आणि कुंपण घालणं निराळं.

"मग फाटक उघडं ठेव," हेडकॅशियर म्हणाले आणि पुढचं बंडल उचललं.

हे उत्तर इतकं सोपं होतं की मी प्लॉट जवळजवळ घेतलाच. रात्री पुन्हा तीनला जाग आली. फाटक मी उघडं ठेवीन. पण बदली झाली, घर भाड्याने दिलं, तर? मी विकलं, तर? माझा मुलगा म्हणाला, 'बाबा, हे कोण रोज येऊन बसतं?' तर? म्हाताऱ्या माणसाने स्वतःचं गाव बघायचं, तेही माझ्या चांगुलपणाच्या भरवशावर, मला आवाज देऊन! मी चोवीस वर्षांच्या जवळपास बँकेत काढली आहेत. बँकेत सोनं तारण चालतं, घर चालतं, ट्रॅक्टर चालतो. चांगुलपणा तारण म्हणून चालत नाही. तो खोटा असतो म्हणून नव्हे. त्याची मुदत कोणालाच सांगता येत नाही म्हणून.

मी प्लॉट घेतला नाही.

इथे लेख संपवला असता तर माझी मूर्ती बरी दिसली असती. पण हिशेब पूर्ण लिहिला पाहिजे. त्याच जुलैत, २२ तारखेला, आमच्याच जिल्ह्यात महागाव तालुक्यात पुराने गाव वेढलं आणि अडकलेल्या माणसांसाठी हेलिकॉप्टर पाठवावं लागलं. सौभाग्यवतीने टीव्ही बंद करून सांगितलं, "पाण्याजवळ घर नको. साप असतात, शाळा लांब आहे, आणि मला हेलिकॉप्टरमधे भीती वाटते." तेव्हा माझ्या नैतिकतेला घरात बहुमत मिळालं; फक्त मतं वेगळ्या कारणांसाठी पडली होती. आणि माझ्या नकाराने कोणाचं काही भलं झालं, असंही नाही. तीन महिन्यांत तो प्लॉट विकला गेला. तिथे आता कंपाउंड आहे. फाटकही आहे. त्याला कुलूप असतं.

मग माझ्या न घेण्याला अर्थ काय राहिला? मी पुष्कळ विचार केला. अर्थ एवढाच सापडला, की काउंटरवर बाबाजी आले की मला त्यांच्याकडे सरळ पाहता येतं. एवढ्या नफ्यावर आयकरही लागत नाही.

आम्ही शेवटी यवतमाळलाच तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. समोर दुसरी इमारत आणि तिच्यावर वाळणारे कपडे. मी अजून अपडाउनच करतो. नळाला पाणी येतं, रोज नाही, पण येतं. सौभाग्यवतीने मागितलं होतं ते हेच, आणि ते समजायला मला पाच वर्षं लागली.

वाढीव मोबदल्याच्या दाव्याची तारीख होती, म्हणून बाबाजी एकदा यवतमाळला कोर्टात आले होते. पुढची तारीख घेऊन, दुपारी जिने चढून ते घरी आले. सौभाग्यवतीने पाण्याचा पेला दिला. त्यांनी तो एका दमात संपवला.

"गोड हाय," ते म्हणाले. "कोठचं हाय हे पाणी?"

मी जरा घुटमळलो. "बेंबळ्याचं आहे, बाबाजी. नळाने येतं."

त्यांनी रिकाम्या पेल्यात एकदा पाहिलं. मग गॅलरीतून बाहेर पाहिलं, समोरच्या कपड्यांकडे.

"इथून काहीच नाही दिसत, साहेब."

"नाही दिसत."

"असू द्या," ते म्हणाले आणि पेला पुढे केला. "अजून एक द्या."

सौभाग्यवतीने तांब्याच भरून त्यांच्यापुढे ठेवला.